कोऱ्या बाटलीतलं लोखंड

सोमवार, १६ ऑगस्ट २००४

ही वही स्मिताने आणून दिली. म्हणाली, "अहो, तुमची लॅब रोज मला ऐकवण्यापेक्षा हिला ऐकवा. ही मधेच उठून गॅस बघायला जात नाही." तेहतीस वर्षांच्या संसाराचा हा निकाल! असो. लिहितो.

मी बाळकृष्ण रिसबूड. गाव श्रीवर्धन, मुक्काम चंदीगड, तोही एकोणतीस वर्षांचा. व्यवसाय रसायनशास्त्र. संस्थेचं नाव लिहीत नाही, वही हरवली तर उगाच चर्चा नको. ३० नोव्हेंबरला निवृत्त होणार. सगळे विचारतात, नंतर काय करणार? मी सांगतो, आधी नोव्हेंबर तर येऊ दे.

कारण हातात एक काम आहे, आणि असं काम मला अख्ख्या नोकरीत मिळालं नव्हतं. जसलीन नावाची रोपडची एक मुलगी पीएच.डी. करतेय. तिने भट्टीत दगडाची पूड आणि लोखंड एकत्र वितळवून तीन गोळ्या केल्यात, मुगाच्या डाळीएवढ्या. प्रत्येकीत खाली लोखंडाचा करडा थेंब, भोवती काच. पृथ्वी नवी होती, वितळलेली होती, तेव्हा लोखंड असंच खाली बसून तिचा गाभा झाला आणि दगड वर राहिला. स्मिताला मी सांगितलं, तांदूळ धुताना खडे तळाशी बसतात तसं. ती म्हणाली, "हल्ली तांदळात खडे नसतात. तुम्ही कधी धुतलेत?"

प्रश्न असा, की लोखंडाचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. थोडे हलके, थोडे जड. गाभ्यात उतरताना जड कोण, हलके कोण अशी निवड झाली का? गोळीतला थेंब आणि गोळीतली काच यांतलं लोखंड वेगवेगळं काढून मोजलं की कळेल. मोजायचं यंत्र परदेशात आहे. त्यांनी नोव्हेंबरातला एक आठवडा दिलाय. पार्सल २० ऑक्टोबरला इथून निघालं पाहिजे, नाहीतर पुढची पाळी दीड वर्षाने. जसलीनची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते.

काचेत लोखंड उरलंय जेमतेम नावापुरतं. ते वेगळं करून शुद्ध करणं हे माझं काम. एकदा विरघळवलं की गोळी गेली, दुसरी संधी नाही. आणि बाहेरचं लोखंड कणभर मिसळलं तरी सगळं मुसळ केरात. म्हणून आधी कोरं करून बघायचं. गोळी न घालता, नुसतं आम्ल सगळ्या नळ्यांतून काढायचं आणि शेवटी एक रसायन टाकायचं. लोखंड असेल तर जांभळी झाक येते. ओळीने तीन कोरे पाण्यासारखे आले तरच गोळ्यांना हात लावायचा, असा माझा नियम.

आज दुसरा कोरा. पाण्यासारखा! जसलीन म्हणाली, "सर, आपका हाथ बहुत क्लीन है." मी नम्रपणे काही बोललो नाही, पण ते खरं आहे.

शनिवार, २१ ऑगस्ट

आज सणच. गुरुनाथने श्रीवर्धनहून रोठा सुपारी पाठवली. हा माझा धाकटा भाऊ. मी इकडे आलो आणि तो आमच्या वाडीत राहिला, म्हणून मला सुपारी मिळते. खोका उघडला तर घरभर वाडीचा वास.

पण अडकित्ता बोथट झालेला. तेवढ्यात खाली सायकलवरचा धारवाला ओरडला. त्याने अडकित्ता उलटासुलटा करून विचारलं, "बाबूजी, ये है क्या चीज़?" मी प्रात्यक्षिक दाखवलं. तो म्हणाला, "हमारे यहां तो नहीं चलती." मग पायडल मारून अशी झकास धार लावली की ठिणग्या अंगणभर. आता सुपारी कागदासारखी निघते.

हा अडकित्ता अण्णांचा, आमच्या वडिलांचा. गावच्या लोहाराने घडवलेला, काळाभोर, एक दांडी किंचित वाकडी. मी १९७५ साली इकडे निघालो तेव्हा त्यांनी स्वतःच्या कनवटीचा काढून दिला. म्हणाले, परमुलखात तुला सुपारी कोण कातरून देणार! तेव्हापासून तो माझ्या पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात असतो. दिवसातून चार वेळा बाहेर जिन्यावर जाऊन सुपारी कातरतो. लॅबमध्ये खाणं निषिद्ध. नंतर हात तीनदा धुतो. नियम म्हणजे नियम.

मंगळवार, २४ ऑगस्ट

तिसरा कोरा जांभळा.

फिका नाही, चांगला जांभळा. जसलीनने बाटली उजेडाला धरली आणि आम्ही दोघं बघत राहिलो. मी म्हटलं, नळी नीट धुतली नसशील. बिचारी म्हणाली, "हो सकता है सर." तिने धुतली होती. मी स्वतः बघितलं होतं.

बुधवार, १ सप्टेंबर

आणखी दोन कोरे, दोन्ही जांभळे. इथल्या मराठी मंडळातल्या वीणाताईंच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो तरी डोळ्यांपुढे तोच रंग. निम्म्या साड्या मला नासलेल्या कोऱ्यासारख्या दिसल्या.

आज शिस्त कडक केली. हे काम चालतं त्या स्वच्छ खोलीच्या दारावर मी आधीच सूचना लावलीय, की घड्याळ, पट्टा, चाव्या, नाणी, पिना बाहेर ठेवून आत यावे. आज ती मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिली. स्वतःही घड्याळ काढलं, पट्टा काढला, चाव्या ताटलीत टाकल्या. पॅन्ट धरून आत गेलो, पण तडजोड नाही.

शुक्रवार, १० सप्टेंबर

संशयित क्रमांक एक, कूलर. पत्र्याचा, बुडाला गंजलेला, वारा सरळ आमच्या खिडकीवर. बंद करवला. दोन दिवस सगळी माणसं उकडून निघाली. कोरा जांभळाच.

संशयित क्रमांक दोन, आम्ल. नवी बाटली उघडली. पूर्वी टेफ्लॉनचा एक पेला मागवायला अकरा महिने आणि सात सह्या लागायच्या. आता फोन केला की पंधरा दिवसांत खोकं दारात. पण नव्या आम्लाचाही रंग तोच.

संशयित क्रमांक तीन मात्र मला घरबसल्या सापडला. स्मिता कोट धूत होती. म्हणाली, "अहो, वरच्या खिशाला तांबूस डाग पडलाय. घासघासून निघत नाही." मी चमकलोच! डाग म्हणजे गंज, गंज म्हणजे लोखंड, आणि ते आलं कुठून? पाण्यातून! चंदीगडचं पाणी! मी उठून तिला टाळी दिली. तिला काही कळलं नाही. म्हणाली, "पण डाग फक्त खिशालाच कसा?" बायकांना तपशिलात शिरायची सवय. उद्या नळाचं पाणी तपासतो.

सोमवार, १३ सप्टेंबर

पाणी स्वच्छ. घरचं, लॅबचं, टाकीचं, तिन्ही. दोन दिवस गेले. दिवसभरात सुपारी जरा जास्तच झाली. विचार करताना हात आपोआप खिशाकडे जातो.

मंगळवार, २१ सप्टेंबर

गणपतीत मंडळात सगळे भेटले, आरत्या झाल्या, मोदक झाले, बरं वाटलं. कोरा तसाच आहे.

आज एक गोष्ट लिहायची आहे आणि लिहायची लाज वाटते. जसलीनच्या उजव्या हातात कडं आहे. पोलादी. पहिल्या दिवशी सूचना वाचून तिने विचारलं होतं, "सर, कड़ा?" मी म्हटलं होतं, ते राहू दे. तो काही दागिना नव्हे, तिच्या धर्माची खूण आहे, एवढं एकोणतीस वर्षांत मला कळतं. ती ते हातमोज्याखाली घालते. पण आता उरलंय काय? सगळं तपासून झालं. आज ती नळ्यांवर वाकून थेंब मोजत होती आणि मी कडं बघत होतो. तिने वर पाहिलं. मी पटकन छताकडे बघितलं. ती पण माझ्याकडे जरा विचित्रच बघत होती, म्हणजे तोंडाकडे नाही, कोटाकडे. माझं बटण तुटलं असेल.

मंगळवार, २८ सप्टेंबर

विचारणार होतो, विचारलं नाही. वाक्य घरून तयार करून नेलं होतं. 'बेटा, बुरा मत मानना.' त्याच्या पुढे सुचेना. चहाच्या वेळी ती म्हणाली, "सर, एक बात पूछनी थी." मी म्हटलं, पूछो. ती म्हणाली, "कुछ नहीं सर." मी तिला सुपारी देऊ केली. तिने हात मागे घेतला, जणू निखारा दिला.

पूर्वी, आमची मुलगी, सेक्टर ३४ च्या क्लासमध्ये मुलांना फिजिक्स शिकवते. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. जेवताना मी कड्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, एमसीक्यू जैसा करो ना. एक-एक को बाहर निकालो. जिसके जाने से प्रॉब्लेम जाए, वही आन्सर." शिकवणी बापाला! पण ऑप्शन उरलाय एकच, आणि तो बाहेर काढायचा कसा?

मंगळवार, ५ ऑक्टोबर

ताप. थंडी वाजतेय. पंधरा दिवस राहिले आणि मी पांघरुणात! स्मिताने सुपारीचा डबा कपाटात टाकून कुलूप लावलं. हा अन्याय आहे.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

जसलीनचा फोन. किंचाळतच होती. "सर, ब्लँक क्लीन आया! कल भी, आज भी!"

मी अंथरुणातून उठून बसलो. पहिला प्रश्न काय विचारला असेन मी? "कड़ा पहना था?" सुटलं तोंडून. मग ती म्हणाली, "पहना था सर. वो तो मैं कभी नहीं उतारती."

अंगातला ताप कानात गेला असं वाटलं. पण आनंद त्याहून मोठा. कडं निर्दोष! पोर निर्दोष! आणि कोरा पाण्यासारखा! मी स्मिताला हाक मारली, तिने कपाळाला हात लावून पाहिला. कूलर बंद केल्याचाच गुण हा, उशिरा आला एवढंच. सोमवारी जातो, तिसरा कोरा माझ्या हाताने काढतो आणि गोळ्या घेतो.

सोमवार, ११ ऑक्टोबर

जांभळा.

संध्याकाळी व्हरांड्यात बसलो. स्मिताने डबा परत दिला. मी अडकित्ता काढला, सुपारी धरली, आणि लेकीचं वाक्य आठवलं. जिसके जाने से प्रॉब्लेम जाए. दोन दिवस लॅबमध्ये काय नव्हतं? कूलर आधीसारखाच बंद होता, पाणी होतं, आम्ल होतं, कडं होतं.

मी नव्हतो.

सुपारी कातरली. खट् झालं. आणि पांढऱ्या लुंगीवर रोठ्याच्या भुग्यासोबत काळा, बारीक कोंडा पडला. मी बोटाने उचलला, लेकीच्या शाळेच्या दिवसांतलं लोहचुंबक शोधून आणलं, जवळ धरलं. उभा राहिला.

धार लावली २१ ऑगस्टला. पहिला जांभळा कोरा २४ ऑगस्टला. याच वहीत, माझ्याच अक्षरात, एकाच पानावर. मी नळ्यांवर वाकतो तेव्हा वरचा खिसा बरोबर त्यांच्या तोंडावर येतो. घड्याळ काढलं, पट्टा काढला, पॅन्ट हातात धरून आत गेलो, आणि पाव किलोचा लोखंडी अडकित्ता मला दिसला नाही! तो मला वस्तूच वाटत नाही. हात-पाय काढून ठेवतो का कोणी?

स्मिताला सांगितलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "डाग फक्त खिशालाच कसा, मी विचारलं होतं." होय, विचारलं होतंस बाई.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

सकाळी डोक्यावरून अंघोळ, नवा कोट, खिसा रिकामा. अडकित्ता डबीत घालून पिशवीत. जसलीनला जिन्यावरच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. कड्याचा संशय आला होता तेही सांगितलं. माफी मागितली. माफी हिंदीत मागताना फार औपचारिक झाली.

ती म्हणाली, "सर, कड़ा तो मैंने पहले हफ्ते में ही टेस्ट किया था. एसिड में डुबो के, टेप लगा के. नोटबुक में लिखा है." मग पायरीकडे बघत म्हणाली, "और मुझे भी पता था सर. गणपती के टाइम से."

"फिर बोली क्यों नहीं?"

"आपने बताया था, पापा की निशानी है. मैं कैसे बोलती, घर छोड़ के आओ?"

मी खाली बसलोच. म्हणजे महिनाभर ती माझ्या खिशाकडे बघत होती, मी तिच्या मनगटाकडे, दोघंही सभ्य, आणि मधल्यामधे तिची पीएच.डी. बुडत होती! मी म्हटलं, पगली, तुझं वर्ष गेलं असतं. ती म्हणाली, "सर, पंद्रह तक वेट करने वाली थी. फिर मम्मी से फोन करवाती." आईकडून! मग मात्र दोघंही हसत सुटलो. वरच्या मजल्यावरून कोणीतरी डोकावलं.

मी म्हटलं, आता मी बाहेर थांबतो, तू आत कर. दोन कोरे तूच स्वच्छ काढलेस. ती एकदम गंभीर झाली. "नहीं सर. ब्लँक मैं कर लूंगी, पर गोली आप ही करोगे. आपके हाथ जैसी बूंद मुझसे नहीं गिरती."

साठाव्या वर्षी डोळ्यांत पाणी येणं बरं नव्हे. आलं. लिहून ठेवतो.

जाता जाता तिने डबी मागितली. अडकित्त्यावरचा थोडा कीस एका कुपीत झटकून घेतला. कशाला, ते विचारायचं राहिलं. आठवण म्हणून असेल.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

कोरा. कोरा. कोरा. तिन्ही पाण्यासारखे. आज जेवणानंतर घरीच एक खांड तोंडात टाकलं. इतकी गोड सुपारी कधी लागली नव्हती.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

दोन दिवसांत तिन्ही गोळ्या झाल्या. जसलीनने थेंब आणि काच वेगळी केली, मी विरघळवली. तीव्र आम्लात लोखंड नळीतल्या रेझिनच्या बारीक मण्यांना धरून बसतं, बाकी सगळं वाहून जातं. मग पातळ आम्ल सोडलं की ते निमूट उतरतं. थेंब, थेंब. माझा हात हलला नाही. जसलीन श्वास रोखून उभी होती. शेवटच्या थेंबाला मीच म्हटलं, "सांस ले ले बेटा."

बुधवार, २० ऑक्टोबर

पार्सल गेलं. कुप्या मोजल्या तर सहा हव्यात, सात होत्या. सातवी एक वेगळा कोरा असेल. जसलीनचं काम नेटकं असतं, विचारलं नाही.

सोमवार, २९ नोव्हेंबर

उत्तर आलं! जसलीन कागद छापून धावत आली, ओढणी एका खांद्यावर.

आमच्या तिन्ही गोळ्यांत थेंबातलं लोखंड आणि काचेतलं लोखंड सारखंच. मोजमापाच्या चुकीपलीकडे फरक नाही. आमच्या भट्टीच्या उष्णतेला तरी, खाली गेलेलं आणि वर राहिलेलं यांत निवड झाली नाही. पृथ्वीच्या पोटात खरं काय झालं ते मोठ्या दाबाखाली प्रयोग करणारे लोक बघतील, पण हे उत्तर आमचं आहे, आणि स्वच्छ आहे. मी विचारलं, फरक न सापडल्याचं वाईट वाटलं का? म्हणाली, "सर, ज़ीरो भी तो नंबर है. और हमारा ज़ीरो साफ़ है."

मग तिने कागदाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. सातवा नमुना. नाव, एडीके-१. तिकडे यंत्र चालवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, हा नमुना कुठल्या उल्केचा? आकडा आमच्या प्रमाण लोखंडाशी, म्हणजे स्टँडर्डशी, तंतोतंत जुळतो, असं स्वच्छ साधं लोखंड क्वचित मिळतं, आणखी थोडं पाठवाल का?

मला कळायला वेळ लागला. एडीके. अ-ड-कि. मी मान वर केली तर ती हसू दाबत होती. "सर, कंटॅमिनेशन कहां से था, वो भी तो पेपर में लिखना पड़ेगा."

घरी येऊन गुरुनाथला फोन केला. सांगितलं, अण्णांचा अडकित्ता परदेशात जाऊन आला. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग? काय म्हणाले ते?" मी म्हटलं, उल्का वाटली त्यांना. तो म्हणाला, "आपल्या दामू लोहाराला सांगायला हवं होतं रे." मग दोघांपैकी कोणीच फोन ठेवेना. खाली गेलेलं आणि वर राहिलेलं सारखंच, हे मी त्याला समजावून सांगणार होतो. नाही सांगितलं. त्याला सुपारीचं विचारलं.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

निरोप समारंभ झाला. हार, भाषणं, समोसे. मी छान बोललो असं सगळे म्हणाले. स्मिता म्हणाली, लांबलं. पूर्वीने चक्क मराठीत सांगितलं, "बाबा, तुम्ही खूप भारी आहात." मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

शेवटी एकटाच वर गेलो. आज बाहेरूनच बघायचं होतं, म्हणून अडकित्ता खुशाल खिशात होता. स्वच्छ खोलीच्या दारावर माझी सूचना तशीच. घड्याळ, पट्टा, चाव्या, नाणी, पिना. पेन काढलं आणि खाली माझ्या अक्षरात एक शब्द वाढवला, अडकित्ता.

तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं. डिसेंबरपासून येणारी नवी मुलगी जसलीनबरोबर नळ्या लावत होती. तिने काचेतून दारावरचं नवं अक्षर उलटं वाचायचा प्रयत्न केला. "मॅम, ये अ-ड-कित्ता क्या होता है?"

"हमारी लॅब का स्टँडर्ड है," जसलीन म्हणाली. "हाथ धो के आ, फिर बताती हूं."